इनासकाका आणि खचलेली दरी

समोरच्याचं बोलणं संपायच्या आत इनासकाका नाकातून ‘हं’ असा आवाज काढीत, आणि तेवढ्यात त्या माणसाची किंमत ठरून जाई. एक चर्चचे फादर सोडले तर उत्तनच्या सगळ्या गावाला ते अरे-तुरे करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधी मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो. माझ्या वाट्याचा पहिला ‘हं’ वर्गाच्या खिडकीबाहेरून आला. मी मुलांना सांगत होतो की, दऱ्या नद्यांनी खणलेल्या असतात.

“सगळ्या?” खिडकीतून प्रश्न आला. “नदीच्या हातात कुदळ हाय काय, मास्तर?”

मुलं हसली. मी खिडकी लावून घेतली.

काकांनी तरुणपणी बोटीने आफ्रिका गाठली होती. तिथे बावीस वर्षं ते मोजणीवाल्या साहेबांमागे जमीन मोजायची साखळी ओढत फिरले. परतले ते गावाबद्दलची पुरेपूर तुच्छता घेऊन. भाईंदरची खाडी त्यांच्या लेखी ओहोळ होती, आणि ट्रेनिंग कॉलेजातून आलेला मी म्हणजे पोपट.

चिडून मी त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. “नदीने नाही खणली तर मग दरी झाली कशी?”

उत्तर न देता त्यांनी दोन फळ्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या. त्यांवर मिठागरातला चिखल जाड थापला, थोडा सुकू दिला आणि मग फळ्या हळूहळू लांब सरकवल्या. चिखलाला दोन समांतर चिरा पडल्या आणि मधली पट्टी अलगद खाली बसली.

“दिसलं? जमीन दोन बाजूंना ओढली का मधला भाग खचतो. दरी आधी. नदी मागनं येते, आयती.” त्यांनी तांब्याने पाणी ओतलं. ते खळग्यात लांबट पसरलं. “हे तळं. अरुंद आनि खोल. तिकडच्या एका तळ्यात साहेबाची दोरी संपली, तळ लागला न्हाय. दरीचे काठ वर उचलतात, मग काठावरची नदी दरीत पडायची सोडून उलटी फिरते. आनि ज्या तळ्याला बाहेर जायला वाट न्हाय, त्याचं पानी उन्हानं आटून खारट होतं. मीठ काय भाईंदरलाच पिकतं?”

मी चिखलाच्या चिरेत बोट घालून बघितलं.

“आपली नर्मदा पश्चिमेला का जाते, सांग.”

“उतार तिकडे...” मी सुरुवात केली.

“हं. खचलेल्या पट्ट्यातनं जाते. साहेब सांगायचा. आनि तू भूगोल शिकवतो.”

त्यानंतर वर्षभर मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. रोज अपमान होई आणि रोज काहीतरी नवं कळे. दोन फळ्या मी वर्गातही नेल्या. मुलांनी इतका चिखल केला की शिपाई रुसला, पण खचलेली दरी एकही मूल विसरलं नाही.

मग तपासणी आली. शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांनी विचारलं, “दरी कशी तयार होते?” वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, रोझी, उठली आणि तिने जमीन ताणण्यापासून नदी उलटी फिरण्यापर्यंत सगळं सांगितलं.

“हे कोणत्या पुस्तकात आहे?” साहेबांनी मला विचारलं.

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. दारात इनासकाका उभे होते. तपासणी बघायला मीच त्यांना बोलावलं होतं.

“पुस्तकात नाही, साहेब,” मी म्हणालो. “गावातल्या एका अडाणी माणसाच्या गप्पा आहेत. मुलांच्या कानावर गेल्या असतील.”

रोझी खाली बसली. दाराकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. बघितलं तेव्हा दार रिकामं होतं.

तीन दिवसांनी मी माफी मागायला गेलो. काका जाळं विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“माजी कसली माफी मागतो? मी अडानीच हाय. खोटं कोन पडलं, ती पोरगी का मी? तिची माग. सगळ्या वर्गासमोर.”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहिलो. रोझीचं उत्तर बरोबर होतं, मी घाबरून खोटं बोललो, असं सांगितलं. मग रोझीनेच विचारलं, “गुरुजी, मग डेप्युटीसाहेबांना कधी सांगनार?”

हे काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच मनापासून हसले. “एक तरी शिकली,” म्हणाले.

त्या रात्री घाबरत घाबरत मी डेप्युटीसाहेबांना खरं सांगणारं पत्र लिहिलं. उत्तर आलं ते बदलीचं: मुरबाडच्या पलीकडची, डोंगरातली एकशिक्षकी शाळा.

युद्ध संपलं त्या साली इनासकाका गेले. मला ते महिन्याने कळलं, त्यामुळे त्यांच्या मातीलाही मी नव्हतो. आमची शेवटची भेट बदलीच्या आदल्या दिवसाची. मी रडवेल्या आवाजात म्हणालो होतो, “तिकडे काहीच नाही हो काका, नुसते डोंगर.”

“नुसते डोंगर,” त्यांनी माझेच शब्द चघळले. “अरे, वर्षभर काय चिखलच बघत होतास? जा. आनि पोरांना वर्गात बसवू नको, त्या डोंगरावर ने.”