नळापाशी अनवाणी

कानाला चिमटा लावून त्यातून बारीक करंट सोडणार, हे ऐकल्यावर मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "बाई, करंटनंच तर माझी ही गत केली." त्या हसल्या. कानातली एक नस थेट छातीपर्यंत जाते. ती हलकेच चेतवायची आणि तेवढ्यात भीतीच्या वस्तूला हात लावायचा, म्हणजे 'आता धोका नाही' हा धडा मेंदू लवकर गिरवतो, असं त्यांनी समजावलं. उपचार नवा आहे, गुण येईलच असं नाही, हेही सांगितलं. मला नळाची भीती होती. हसा खुशाल. आमच्या पुंडलिकनगरात हसायचं कुणी शिल्लक नव्हतं.

ती दुष्काळाची वर्षं होती. आमच्या भागात मजल्यावर मजले चढत होते आणि नळाची धार करंगळीएवढी झाली होती. ज्यानं त्यानं नळाला मोटर जोडली. आम्हीही चोरून जोडली. पिण्याचं पाणी म्हणून मी नळापाशी चप्पल कधी नेली नाही. एका दुपारी हंडा लावायला नळ धरला आणि नळानंच मला धरलं. पुढचं काहीच आठवत नाही.

"ओल्या हातानं मोटरचं बटण दाबलं हिनं," आमचे हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मीही तेच खरं मानलं आणि स्वतःला शिव्या घातल्या. त्यानंतर पाणी हेच भरत आले, कधी कुरकुर नाही. माहेरी पिशोरला गेले की मी सांगायची, देवमाणूस पदरात पडलाय.

दवाखान्यात आधी मोटरचा नुसता आवाज ऐकवला, मग टेबलावरचा कोरडा पितळी नळ हाती दिला. शेवटी खऱ्या बेसिनपाशी उभं केलं. हे शेजारीच खुर्चीवर होते. नळाला हात लावला, पण कानातल्या झिणझिण्या त्या दिवशी जरा जास्त वाटल्या आणि मी कुरकुरले. यांनी मायेनं समजूत घातली.

"अगं, काय नाय होत. एवढ्या झिणझिण्या तर आपल्या नळालाबी यायच्या. मी रोज स्लिपर घालून धरायचो, काय झालं का मला?"

"कधी यायच्या?"

यांचा चेहरा उतरला. "तू पडायच्या आधी. लई नाय, थोड्याच. मिस्त्री बोलावला असता तर मोटरचा बोभाटा झाला असता."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

डॉक्टरीणबाईंनी मशीन बंद केलं. माझा हात नळावरच होता आणि तो थरथरत नव्हता. इतक्या वर्षांनी गुण आला, पण आनंद म्हणून झाला नाही. केसानं गळा कापला माझा, वर मलाच वेंधळी ठरवलं. ज्याचं कौतुक सांगत गावभर फिरले, त्यानं स्वतःपुरती स्लिपर शोधली होती.

दुसऱ्या दिवशी नळ आला. यांनी सवयीनं हंडा उचलला. पायांत स्लिपर होत्याच. मोटर केव्हाच बदलली होती, तारा नव्या होत्या, हे मलाही ठाऊक होतं.

"चपला काढा," मी म्हणाले.

"अगं, आता कुठं करंट येतो त्याला?"

"नाय ना येत? मग काढा की."

त्यांनी एक काढली. दुसरी काही काढवेना. मी त्यांच्या हातून हंडा घेतला आणि अनवाणीच नळापाशी गेले.