नवमीचे दुसरे पान

गेल्या वर्षी, पितृपक्ष लागण्याच्या आदल्या आठवड्यात, संगणकावरच्या वंशावळीच्या प्रोग्रामने एक इशारा दाखवला. आईचा मृत्यू मुलीच्या जन्माआधी झालेला आहे, असे त्यात म्हटले होते. आई म्हणजे माझी आजी. मुलगी म्हणजे माझी आत्या. आत्या नागपुरात, महाल भागात राहते आणि तिने ऐंशी ओलांडली आहे.

वंशावळीचे काम मी निवृत्तीनंतर सुरू केले. पद्धत वर्तमानपत्राच्या डेस्कवरचीच ठेवली. प्रत्येक व्यक्तीची एक नोंद, आणि प्रत्येक माहितीखाली ती कोणी सांगितली याचा उल्लेख. दोन वेगवेगळ्या माणसांनी दुजोरा दिला तर 'पुष्ट', नाहीतर 'अपुष्ट'. बोलणे फोनवर रेकॉर्ड करून त्याच नोंदीला जोडायचे.

इशाऱ्याचे कारण लगेच सापडले. पारशिवनीच्या एका चुलत भावाने त्याच्या शाखेची माहिती पाठवली होती. माझ्या आजोबांची बायको पटकीच्या साथीत वारली, तेव्हा माझे वडील अजून नीट चालतही नव्हते, असे त्यात होते. नाव आजीचेच, नवराही तोच. या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का, असे प्रोग्रामने विचारले तेव्हा मी 'हो' म्हटले होते. पण आजी आत्याच्या लग्नातही होती. त्या लग्नातला तिचा आणि वडिलांचा फोटो आमच्या घरी आहे. भावाची माहिती चुकीची असणार, असे धरले. ती खोडण्याआधी आत्याला विचारावे म्हणून महालात गेलो.

आत्या गवार मोडत बसली होती. तिची सून ओट्याशी होती. मी इशारा वाचून दाखवला. आत्याने हातातली शेंग खाली ठेवली.

"मशीनले समजलं," ती म्हणाली. "एवढा मोठा पेपरवाला तू, तुले नाही समजलं."

"काय?"

"दोघी होत्या गा. तुह्या बापाची माय वेगळी, माही वेगळी."

"नाव तर एकच आहे."

"नाव पहिलीचं. माह्या मायले लग्नात तेच देल्लं."

तिने सांगितले ते असे. पहिली सून वारल्यावर आजोबांच्या आईने दुसरी आणली आणि तिला गेलेलीचेच नाव दिले. लहान मुलाला आई बदलल्याचे कळू नये, आणि गेलेलीला आपली जागा कोणी घेतली असे वाटू नये, म्हणून. पहिलीचा टाक, म्हणजे नखाएवढ्या चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती, दुसरीच्या गळ्यात बांधला. माझे वडील शेवटपर्यंत तिलाच जन्मदाती समजत होते. आत्याला हे तिच्या आईने लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितले आणि भावाला सांगू नको म्हणून बजावले.

"नवमीले पान वाढे माय," आत्या म्हणाली. अविधवा नवमी ही पितृपक्षातली, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी. "पानासमोर बसे अन् नाव घेऊन हाक मारे. स्वतःच्याच नावानं. मग स्वतःच ओ दे. आम्हाले वाटे, माय खेळून राहिली."

"ओ काहून देत होत्या?" सुनेने ओट्याकडूनच विचारले.

"मी बी विचारलं होतं. म्हणे, आपण नाही देल्ली तर दुसरं कोणी देईन."

सुनेने गॅस बारीक केला. "आई, दरवर्षी ते पान मी वाढून राहिली. अन् तुम्ही हे मले आज सांगता."

"आधी सांगतलं असतं तर वाढलं असतं का तू?"

सुनेने गॅस पुन्हा मोठा केला.

ही दुसरी आजीही आजोबांच्या आधी गेली. त्यानंतर वडिलांनी नवमीचे पान त्या एका नावाने चालू ठेवले. वडील गेल्यावर आत्याने ते आपल्या घरी घेतले. आईला पान जाते अशी वडिलांची समजूत होती. आत्याची तशी नव्हती.

"ज्या नावानं हाक, तिलेच पान जाते," ती म्हणाली. "इतकी वर्षं पहिलीच जेवून राहिली. माही माय गेली तवापासून उपाशी हाये. तिचं खरं नाव आण, नवमीच्या आत. पुढच्या नवमीले मी असन का नाही, कोण सांगते. माह्या मागून कोण शोधते मग?"

"तू तिला कधी विचारले नाहीस?"

"विचारलं. ठेवलं हाये जपून, एवढंच म्हणे."

आजीचे माहेर खाप्याचे. तिथे आत्याची मामी अजून आहे, आजीच्या धाकट्या भावाची बायको. नव्वदीची, ऐकायला कमी, बाकी सावध. मी ओळख सांगितली आणि रेकॉर्डिंगसाठी फोन पुढे ठेवला.

"सारे मेल्यावर आला?" मामी म्हणाली. "बस. चहा घेशीन का तुह्या मशीनले विचारा लागते?"

माहेरीही जुने नाव घ्यायची बंदी होती, असे तिने सांगितले. जुन्या नावाने बोलावले तर पहिली घरात येईल, असे सासरहून कळवले होते. सगळ्यांनी ते पाळले. फक्त आजीच्या आईला म्हातारपणी बंदी आठवेनाशी झाली. मुलगी माहेरी आली की ती बाजेवरून जुन्याच नावाने हाक मारायची. मामीने हे स्वतः पाहिले होते.

"नणंद समोर उभी राहे," मामी म्हणाली. "मायनं हाक मारली का ती मागं वळून पाहे. मागं कोणी आलं का म्हणून."

मग तिने ते नाव सांगितले. मी म्हणालो, हे तर आत्याचे नाव झाले, मला तिच्या आईचे हवे आहे.

"मायचंच सांगून राहिली मी. पोरीचं मागून ठेवलं."

परतताना बसमध्ये नोंद केली. स्रोत एक. अपुष्ट.

दुसऱ्या दिवशी आत्याला सांगितले. ती आधी हसली. मामीचे डोके फिरले म्हणाली. नंतर तिने आपणहून दोन गोष्टी सांगितल्या. तिच्या लग्नात सासरचे तिचे नाव बदलणार होते. कशालाच कधी नाही न म्हटलेली तिची आई तेव्हा अडून बसली. नाव बदलणार असाल तर लग्न नाही, असे तिने भर मांडवात सांगितले. नाव बदलले गेले नाही.

दुसरी गोष्ट आईच्या शेवटच्या दुपारची. आई डोळे उघडे ठेवून आत्याचे नाव घेत राहिली. आत्या उशाशीच होती. माय, मी इथंच आहो, असे तिने पुन्हा पुन्हा सांगितले.

"तिनं माह्याकडे पाहिलं," आत्या म्हणाली. "म्हणे, तुले नाही."

मी नोंद 'पुष्ट' केली. आजीच्या दोन नोंदी वेगळ्या केल्या, दुसरीला तिचे खरे नाव दिले आणि इशारा गेला. प्रोग्रामने लगेच नवा प्रश्न विचारला. एकाच नावाच्या दोन स्त्रिया त्याच घरात सापडल्या आहेत, एक मृत, एक हयात. त्या एकच आहेत का? मी 'नाही' म्हटले.

नवमीला आत्याच्या घरी दोन पाने मांडली. पहिले सुनेने वाढले आणि नेहमीच्या नावाने हाक मारली. दुसऱ्या पानाशी ती थांबली.

"सासूचं नाव घेऊन हाक कशी मारू?" ती म्हणाली. "भाऊजी, तुम्ही मारा."

मलाही ते जमणारे नव्हते. आत्याला आम्ही कोणी नावाने बोलावत नाही. तिला तसे बोलावणारे आता घरात कोणी उरलेले नाही.

"सरका," आत्या म्हणाली. गुडघे दुखत असतानाही ती खाली बसली. मी फोन सुरू करून ओट्यावर ठेवला. तिने भातावर वरण घातले, तूप सोडले आणि स्वतःचे नाव घेऊन हाक मारली. सून माझ्याकडे पाहत होती. बाहेर गल्लीत कोणी तरी गाडी सुरू करत होते, ती बंद पडली. मग ओ आली.

रेकॉर्डिंगमध्ये हाक आणि ओ, दोन्ही स्पष्ट आहेत. दोन्ही आवाज आत्याचे आहेत. ते मी ऐकले आणि सुनेने दुजोरा दिला.