बारवेतला आवाज

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. कुठली जुनी वास्तू सरकारनं जपावी हे ठरवण्यासाठी पाहणी करणाऱ्या खात्यात मी नकाशे काढायला नुकताच लागलो होतो. कुंभार पिंपळगावच्या पुढच्या एका वाडीत साहेबांबरोबर जुनी दगडी बारव बघायला गेलो.

आम्ही पोचलो तर एक बाई काठावर येऊन बसलेली. दुष्काळात पाणी तळाला गेलं, तेव्हा घागर घेऊन उतरणारी तिची पोर वरच्या टप्प्यावरून पडून गेली होती.

"साहेब, बुजवून टाका ही," ती म्हणाली. "शेताची वाट हिच्याच काठानं जाती. रोज कसं बघू?"

साहेबांची नजर कोनाड्यांवरच्या कोरीव कामावर खिळली होती. बारव जपण्याजोगी होती, हे मलाही दिसत होतं.

मी टेप घेऊन खाली पाण्यापर्यंत उतरलो आणि मापं ओरडून वर सांगू लागलो. आवाज दगडांतून फिरून, बारीक होऊन परत येई. एकाएकी ती बाई उठून उभी राहिली.

"कोण बोललं?"

"मीच, मावशी."

"तू न्हाई. तुझ्या मागून."

ती पायऱ्या उतरून आली. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच, असं नंतर कळलं. माझ्याशेजारी उभी राहून तिनं लेकीला हाक मारली. हाक परत आली. ती त्या बाईच्याच आवाजात होती, असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

वर आल्यावर ती साहेबांना एवढंच म्हणाली, "बुजवू नका."

पुढे बारव संरक्षित झाली. निळा फलक लागला. पुन्हा कोणी पडू नये म्हणून लोखंडी दार बसलं, कुलूप आलं, किल्ली सांभाळायला राखणदार आला. फलकाच्या कामाला मी गेलो, तर ती दाराशी बसलेली.

"हितून हाक पोचत न्हाई, दादा. कुलूप घातलं, मंग ती आत एकलीच राह्यली ना?"

तिला आत सोडता येईल का, मी साहेबांना विचारलं. माणूस वाईट नव्हता. "उद्या दुसरं पोर पडलं तर?" ते म्हणाले. त्यांचंही खरं होतं. तरी मी राखणदाराला बाजूला घेतलं. दुपारी तिला आत सोडत जा, म्हटलं, आणि ती वर येईपर्यंत हलू नकोस. तो गावचाच होता, त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

पुढच्या पाहणीला गेलो तेव्हा दार सताड उघडं होतं. राखणदार वरच्या पायरीवर बसला होता.

"मावशी आत आहेत?"

"ती पावसाळ्यातच गेली की. तापानं."

"मग दार कशाला उघडलंस?"

तो खाली अंधाराकडं बघत राहिला. "दुपारचं उघडावंच लागतं," म्हणाला. "तुमी आत्ता उतरू नका."

त्या दिवशी मी मापं न घेताच परतलो.