ईशाचा वर्ग, बाईंनंतर

मंगलबाई गेल्या, हे मला माजिवड्याच्या ऑफिसात कळलं. पालकांच्या ग्रुपवर मेसेज होता, खाली जोडलेल्या हातांची रांग. पहाटे झोपेतच गेल्या म्हणे. आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलंच नाही, आधी मनात आलं... आता माझ्या ईशाचं काय?

ईशा दहा वर्षांची, स्वमग्न. डोंबिवलीतल्या आमच्या साध्या मराठी शाळेत मंगलबाई तिच्या वर्गशिक्षिका. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "ती तशी शांत असते हो." बाई हसल्या. "मग तुम्ही का एवढ्या थरथरताय?" त्यांचं असंच. आधी टोपी उडवायची आणि मग हळूच बसायला खुर्ची पुढे करायची. गॅदरिंगच्या लेझीमची तालीम सुरू झाली, तेव्हा ईशाने किंचाळत कंपासपेटी भिरकावली आणि ती एका मुलाच्या कपाळाला लागली. त्याचे आईवडील चिडले. मीही चिडले असते. बाईंनी आधी त्या मुलाला बर्फ लावला, मग मला फोन केला. "मुद्दाम नाही केलं तिने. खिडकीखाली ढोल वाजत होता, तो तिला सोसवला नाही. उद्यापासून तालमीआधी मी तिला सांगून ठेवीन." ईशाच्या ओरडण्याआधी काय घडलं, हे त्या पहिल्यांदा शोधायच्या. लाड मात्र नाहीत. शांत झाल्यावर ती पेटी त्यांनी ईशालाच उचलायला लावली.

त्यांच्या जागी एक तरुण टीचर आल्या. पहिल्याच आठवड्यात ईशा ओरडली, त्यांनी घाबरून तिचा दंड धरला आणि ती चावली. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. "पुन्हा असं झालं तर आम्हाला विचार करावा लागेल हो." विचार म्हणजे काय, हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. रजा टाकली आणि वर्गाबाहेरच्या बाकावर बसायला लागले. आतून बाक सरकल्याचा आवाज आला तरी मी दारातून आत डोकवायचे.

एका दुपारी एमआयडीसीतला भोंगा वाजला. ईशाने कान दाबून किंकाळी फोडली. टीचर तिच्याकडे धावल्या, आणि मी उठून दारात आले. संपलं सगळं, एवढंच मनात आलं... तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, हात नका लावू ना तिला! थांबा जरा, होईल ती गप." कोणी खिडकी लावली, कोणी खडखडणारा पंखा बंद केला आणि सगळ्या वर्गाने बाकांवर डोकी टेकली. ना हसणं, ना कुजबुज. टीचरही गोंधळून खुर्चीत बसल्या. हळूहळू ईशाचा आवाज उतरला आणि तिनेही डोकं टेकलं. मंगलबाईंनी हे अख्ख्या वर्गाच्या अंगवळणी पाडलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. बाई गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडले, ती तिथे.

भीती मात्र गेलेली नाही. जूनमध्ये नव्या तुकड्या पडतात, ही पोरं पांगतील. उद्या मुख्याध्यापिकांकडे जाणार आहे. टीचर कोणत्याही द्या, म्हणणार आहे, फक्त हा वर्ग फोडू नका. त्या नाही म्हणाल्या तर... पुढचं वाक्य मला अजून सुचलेलं नाही.