भरल्या वांग्यांचा ट्रे

आईच्या भरल्या वांग्यांचा ट्रे काकूंनी काळ्या पिशवीत उपडा केला. अख्खाच्या अख्खा. मी तेव्हा लहान होतो, पाणी प्यायला हॉलच्या किचनमध्ये गेलो होतो. बाहेर मंडळाचा दिवाळी मेळावा आटोपत आला होता. हेन्डरसन उपनगरातल्या त्या हॉलमध्ये प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा, ही पद्धत. बाकीच्यांचं उरलेलं डब्यांत भरून घरोघरी चाललं होतं. आमचं तेवढं कचऱ्यात.

काकू म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरी. मला बघून म्हणाल्या, "अरे, आंबलं होतं." सकाळी केलेलं वांगं दुपारी आंबतं, तेही ऑकलंडच्या गारठ्यात. वा!

पापाकुराला घरी परतताना गाडीत मी आईला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "गप्प बस. आपल्याला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस."

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्याच भेटीत तिला आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. एवढं पुरतं. आणि वर सगळे म्हणणार, इथे न्यूझीलंडमध्ये आपण असलं काही मानत नाही बुवा. आई हॉस्पिटलात नर्स. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या आईच्याच वॉर्डात होत्या. आईच्या हातचं बेडपॅन चाललं. वांगं नाही चाललं.

तरी आई दर वर्षी ट्रे न्यायची. मराठी बोलायला दुसरीकडे कुठे जाऊ, म्हणायची. मला राग यायचा. त्यांचा यायचा आणि तिचाही यायचा. मंडळातलं कुणी घरी येणार असलं की निळ्या कोटातला फोटो भिंतीवरून उतरून बेडरूममध्ये जायचा. पाहुणे गेले की परत खिळ्यावर. उतरवायचं काम माझं.

पुढे मला कळलं की मला मुलगे आवडतात. लपवायचं कसं हे कुणी शिकवावं लागलं नाही, ते मला येतच होतं. विरेमू माझा बॉयफ्रेंड, इथलाच, माओरी. मोबाइलवरचा त्याचा फोटो मी असाच उतरवून ठेवायचो. आईला सांगितलं तेव्हा ती खूप रडली. मग डोळे पुसून तेच म्हणाली, कुणाला कळू देऊ नकोस.

कळलंच. गेल्या वर्षी सँडरिंगहॅमला मिठाईच्या दुकानाबाहेर आम्ही हातात हात घालून उभे होतो आणि समोर काकू गाडी पार्क करत होत्या. मी तेव्हा मंडळाच्या पोरांना लेझीम शिकवायचो. पोरं उत्तरं इंग्लिशमध्ये द्यायची, पण पाय मराठी पडायचे. मेळाव्याच्या दिवशी, अगदी कार्यक्रमाच्या तोंडावर, काकूंनी आम्हा मायलेकांना किचनमध्ये बोलावलं. त्याच किचनमध्ये. माझ्याशी नाहीच, आईशी बोलल्या. याला आता मुलांपासून लांब ठेवा, आईवडिलांच्या तक्रारी आहेत. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "तुमच्यात चालत असेल हे. आमच्यात नाही चालत."

आईने मान खाली घातली. वॉर्डात डॉक्टरांनाही सुनावणारी माझी आई. मला हळूच म्हणाली, सॉरी म्हण.

तिथे माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मला वाटायचं, माझी दोन गुपितं आहेत. कसली गुपितं! किळस त्यांची, आणि लाज मात्र आम्ही वाहायची. जातीचीही आणि प्रेमाचीही.

"तुमच्यात म्हणजे कुणाच्यात, काकू?" मी विचारलं. "नाव घ्या ना."

त्या फ्रिजकडे बघायला लागल्या. वर्षानुवर्षं ताटात पाळलेली गोष्ट तोंडाने बोलायची हिंमत नव्हती बाईंची. मग मीच बोललो, वाढायच्या खिडकीतून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा.

"आम्ही दलित आहोत. मी गे आहे. आणि ती वांगी आंबली नव्हती."

लेझीम झालं नाही. मी टेबलावरचा आमचा ट्रे उचलला, आईचा हात धरला आणि निघालो. काय मिळालं तुला, असं ती अजूनही विचारते. काही नाही मिळालं. माफी कुणी मागितली नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधून आम्हाला काढून टाकलं, बस्स. पण भिंतीवरचा फोटो मी त्यानंतर उतरवलेला नाही. कुणीही येवो.

यंदाचा मेळावा या रविवारी आहे. आम्हाला बोलावणं नाही. पण दुकानात लावलेल्या पोस्टरवर 'सर्व मराठी बांधवांचे स्वागत' असं लिहिलंय, म्हणून मी जाणार. वांगी मीच करणार. ट्रे टेबलाच्या मधोमध ठेवणार आणि विरेमूला घेऊन शेजारी उभा राहणार, शेवटपर्यंत. ज्याला नको असेल त्याने माझ्या डोळ्यांत बघून नको म्हणायचं. आणि का नको, तेही सांगायचं.

आई म्हणते, कशाला रे जातोस, पुन्हा सगळ्यांना कळेल.

कळू दे.