बारदान्याचा कोट

करडीच्या राईस मिलमधला कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, तेव्हा मी शहापूरच्या आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जेवणाचा डबा उघडत होतो. फोन भाऊंनी, म्हणजे आमच्या मालकांनी उचलला. पलीकडचे मिलवाले शेठ मला बाकावरूनही ऐकू येत होते.

"तुमचा पोरगा बोर्ड बनवून देते अन् तो दुपारी मरते. काट्यापाशी धानाचे ट्रॅक्टर उभे हायेत. आज नाई झालं तं नागपूरचा माणूस बोलावतो. मंग पुढचं सारं काम त्याचंच."

मिल आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. भाऊ रागावले नाहीत. "जेवून घे, मंग जा," एवढंच म्हणाले. मी डबा तसाच बंद करून निघालो.

मी साताऱ्याकडचा. नववीत शाळा सोडून मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून इकडं आलो आणि राहिलो. सोल्डरिंग गन कशी धरायची हेही भाऊंनीच शिकवलं. त्यांचं गिऱ्हाईक माझ्या हातून जाणार, या धास्तीत करडी आलं.

नवा कॉम्प्युटर का घेत नाहीत, असं वाटेल. वजनकाट्याची केबल जुन्या पोर्टलाच लागते, आणि सॉफ्टवेअर बनवणारा कुठं गेला ते कुणाला ठाऊक नाही. त्यामुळं तोच बोर्ड जगवायचा.

मागच्या खेपेला प्रोसेसरजवळचे कपॅसिटर पुरीसारखे फुगलेले सापडले होते. ते मी बदलले होते. काट्यावर बसणाऱ्या देवाजीकाकांनी तेव्हा विचारलं होतं, "हे कायचं काम करते जी?"

"सप्लाय कमीजास्त येतो. हा साठवून ठेवतो आणि प्रोसेसरला सारखा देतो."

"म्हंजे बोडीच." बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. पाणी साठवायचं आणि धानाला बेतानं सोडायचं. मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

आज पोचलो तर काकांनी बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू. मी मल्टिमीटर लावला. व्होल्टेज बरोबर. रॅम काढून खोडरबरानं पुसली, परत बसवली. एकही कपॅसिटर फुगलेला नाही. चहा झाला तरी मशीन मजेत चालू.

"तुले भेतेय तो," काका म्हणाले. "तू गेला का मरते."

शेठ दारात उभे. "मंग यालेच बसवून ठेवू का इथं?"

मी पिशवी खांद्याला लावून निघालो. फाटकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, मल्टिमीटर टेबलावरच राहिला. परत गेलो, तर कॉम्प्युटरनं कोट घातलेला. बारदान्याचा, सुतळीनं नीट शिवलेला. बटणापुरती खिडकी.

"काका, हे काय?"

"कोंडा लय उडते ना इथं. त्याच्या नाकात जाते."

"मी आलो तेव्हा नव्हता."

"मिस्त्री येणार म्हटलं का काढून ठेवतो. खोलायले तुले तरास नोको."

मी कॅबिनेटला हात लावला. नुकताच घातलेला कोट, आणि आतून आत्ताच ऊब. पंख्याची जाळी पूर्ण झाकलेली. गरम हवा जाणार कुठं? मशीन तापून बंद पडतं, आणि कपॅसिटरही उष्णतेनंच फुगतात.

काकांनी कोटावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे मीच मारून राहिलो होतो त्याले?"

"नाही काका, कपॅसिटर जुनेच होते." हे अर्धं खरं होतं.

शेठ हसू लागले. "देवाजी, उन्हाळ्यात तुले घालतो हा कोट."

बारदाना निघाला. काकांनी घरून जुनी मच्छरदानी आणली आणि कापून ती चढवली. कोंडा अडतो, हवा जाते. आठवड्याला ब्रशनं झटकायचं कामही काकांनीच मागून घेतलं. रांगेतला शेवटचा ट्रॅक्टर काट्यावरून उतरेपर्यंत मी तिथून हललो नाही. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. शेठनी भाऊंना फोन लावून पुढच्या आठवड्यात प्रिंटर बघायला बोलावलं.

दुकानात भाऊंनी विचारलं, "काय होतं बे?"

"कॉम्प्युटरच्या नाकात कोंडा जाऊ नये म्हणून त्याला कोट घातला होता."

आता कुठंही दुरुस्ती झाली की मी सगळ्यांचा निरोप घेतो, चपला घालतो, गाडी चालू करतो आणि थोड्या वेळानं परत आत डोकावतो.