गोड विहिरीवरची ओळ

शेगाव स्टेशनावर गाडीची वाट पाहत होतो, तेव्हा गावाकडचा पोस्टमन भेटला. म्हणाला, "मास्तर, वत्सलाबाई गेल्या." मला रडू आलं नाही. डोळ्यांपुढे आला तो एक पांढरा कागद आणि त्यावरचे रक्ताचे दोन ठिपके... त्या भेटीला आता महिना झाला. आज लिहायला बसलोय, तरी सुतकी आवाजात लिहिणं मला जमत नाही. ही बाई जिंकून गेली आहे.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. जवळच्या वरवट बकालच्या दवाखान्यात वत्सलाबाई नर्स म्हणून आल्या, त्या आमच्याच गावातल्या बौद्ध वस्तीतल्या, नागपूरला शिकून परत आलेल्या. आमच्या भागातलं पाणी खारं, डाळ शिजता शिजत नाही. गोड विहीर एकच, आमची, गोठ्याला लागून. वडिलांना तिचा भारी तोरा. बाईंच्या आईला त्या विहिरीत कधी दोर सोडता आला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

माझी बहीण कमल बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, पण अंगावरचं दूध पुरेना, म्हणून गाईच्या दुधात विहिरीचं पाणी घालून पाजायला लागलो. पाणी चांगलं उकळून द्या, हे बाईंनीच बजावलं होतं. आमची आई म्हणजे सांगितल्याच्या वर चार पावलं... चुलीवर पातेलं चढवायची ते पाणी पाव उरेपर्यंत उतरवायची नाही. तिसऱ्या आठवड्यात पोरीचे ओठ निळसर झाले, मग नखं. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं काळीज कच्चं. वडील बैलगाडी जुंपायला निघाले, तेवढ्यात बाई सायकलवरून आल्या. त्यांनी पोरीच्या छातीला नळी लावली, श्वास मोजला. मग पिशवीतून कागद काढला, पोरीच्या टाचेतून एक थेंब घेतला आणि शेजारी स्वतःच्या बोटाचा एक टिपला. कागद वाऱ्यावर हलवला. बाईंचा ठिपका लालभडक राहिला, पोरीचा काकवीसारखा तपकिरी.

"काकू, पाणी किती आटवता?"

"तुमी सांगतलं त्याच्यापरीस जास्तच, बाई!" आई अभिमानानं म्हणाली.

बाई म्हणाल्या, "मंग चूक माही हाय. किती उकळा, ते म्या सांगतलंच नाही. उकळल्यानं जंतू मरते, पण गोठ्यातल्या शेणमुताचा क्षार झिरपून पाण्यात उतरते, चवीले कळत नाही, तो कुठं जाईन? तो दाट होते. लेकराच्या पोटात गेला का त्याचं इख होते, मंग रक्त वारा धरत नाही."

"आमच्या विहिरीले नाव ठेवता काय?" वडील गरजले. बाईंनी आवाज चढवला नाही. कागद तेवढा त्यांच्यापुढे धरला. वडिलांनी ते दोन्ही ठिपके निरखले... मग खालच्या आवाजात म्हणाले, "काय करा लागते, सांगा."

वान नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी आणलं. बाईंनी हिरड्यांच्या रोग्यांसाठी ठेवलेल्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटल्या आणि चमच्यानं पाजल्या. हे जीवनसत्त्व काळवंडलेल्या रक्ताला पुन्हा वारा धरायला लावतं, असं त्यांच्या नागपूरच्या वहीत लिहिलेलं होतं. दोन दिवस बाई आमच्या ओसरीवरून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी कमल ओरडली, "दादा, नखं पाह्य!" नखं गुलाबी झाली होती. आई, कमल, मी, सगळेच वेड्यासारखे हसत होतो.

बाईंनी पांढरा रंग मागवला आणि विहिरीच्या कठड्यावर स्वतः लिहिलं: तान्ह्या बाळाले हे पाणी उकळूनही देऊ नये. वडिलांनी अक्षर न् अक्षर वाचलं. मग स्वतःच्या हातानं पोहरा ओढला, तांब्या भरून बाईंपुढे धरला. बाई घटाघटा प्यायल्या. "मोठ्याइले चालते, काका. लय गोड हाय." त्यानंतर आमच्या गावात एकही लेकरू निळं पडलं नाही.

परवा गावी गेलो, तर ती पोर, आता मॅट्रिक झालेली आणि नागपूरला नर्सिंग शिकायला निघालेली, कठड्यापाशी रंगाचा डबा घेऊन बसली होती. पुसट झालेली अक्षरं बाईंच्याच वळणानं गिरवत होती.

"काऊन वं, पेंटर नाही भेटला?"

"मामा, हे माह्यासाठी लिवलं होतं नं? मंग रंगही मीच देईन."

ओळ पूर्ण झाली. तिनं बोटांवरचा पांढरा रंग ओढणीला पुसला, आणि खालून नखं निघाली... गुलाबी.